मागच्या भेटीबद्दल आभार

रुना उद्धट झाली आहे. बारा वर्षांच्या पोरीनं आजीची टिंगल करावी, तीही आजीच्याच स्वयंपाकघरात, आजीच्या हातचं माशाचं सूप पोटात असताना, हे मला चालत नाही, आणि मला न चालणारं माझ्या घरात आजवर फारसं काही चाललेलं नाही. झालं ते एवढंच. सूप संपलं, ती उठली, पलीकडे संडासला गेली, पाणी सोडल्याचा आवाज आला. मी वाडगे अजून उचललेही नव्हते. ती परत आली आणि दारातच थांबली, पाय जुळवून, पाहुण्यासारखी, आणि म्हणाली, "मागच्या भेटीबद्दल आभार, आजी." आता हे वाक्य आम्ही सगळेच म्हणतो. शेजारीण जेवून गेली आणि आठवड्यानं जिन्यात भेटली की म्हणते. लग्नात शेजारी बसलेला माणूस वर्षानं बोटीवर दिसला की म्हणतो. आपण म्हणायचं, माझ्याकडूनही तसंच, आणि मग त्या मागच्या भेटीची दोघांनी मिळून थोडी उजळणी करायची, कोळंबी किती ताजी होती आणि कोण किती प्यायलं होतं. म्हटलं नाही तर माणूस रानटी. पण आत्ता समोर बसून बटाटे बाजूला सारत होती ती पोर परसाकडून येऊन हे म्हणते, याचा मी दुसरा काय अर्थ लावायचा? मी म्हटलं, "मागची भेट म्हणजे संडासच्या आधीची का, बाईसाहेब?" ती हसली नाही. तिनं टेबलाकडे पाहिलं. दोन वाडगे, दोन चमचे, माझ्या वाडग्याच्या काठाला चिकटलेली साय, तिच्या खुर्चीच्या पाठीवर तिचा लोकरी स्वेटर. एकेक वस्तू ती पाहत गेली, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस पाहतो तशी, आणि मग सावकाश म्हणाली, "सूप छान होतं." बरोबरच म्हणाली. माझं सूप छानच असतं. पण ते 'होतं' तिनं टेबलावरून उचलून तोंडात घातल्यासारखं मला वाटलं.

ती बैठकीत जाऊन सोफ्यावर आडवी झाली. पडदे मी सकाळीच ओढून ठेवले होते, तिला उजेड सोसत नाही. तरी तिनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मी भांडी घासायला घेतली. गरम पाण्यात हात घातले की मला विचार करता येतो, थंड पाण्यात येत नाही; सगळी जवानी मासे कापायच्या कारखान्यात थंड पाण्यात गेली, तेव्हा विचार करायची सोयच नव्हती. मी शिकलेली नाही. आमच्या बेटावर शाळा एक दिवसाआड असायची, मधल्या दिवशी बटाटे आणि मासे, त्यामुळे जगातलं मला एक सोडून एक कळतं, आणि जे कळतं ते मी बोलून टाकते, समोर पाद्री असो नाहीतर सून. आजवर माझी जीभ एकाच शब्दाला अडली आहे. तो शब्द आमच्याकडे कुणी म्हणतच नसे. माझी आई थंडीभर खोकायची, खोकताना विळीवरचा हात थांबायचा, आणि कुणी पाहिलंच तर म्हणायची, वारा फिरलाय. रक्त पडायला लागलं तेव्हाही वाराच फिरलेला होता. ती गेली तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, दमली हो ती. आजारी कुणाला म्हणायचं, तर जो अंथरुणातून उठायचं नाकारतो त्याला, आणि तेही तोंड वाकडं करून, ओठांच्या कडेनं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की त्या घरात काहीतरी लाजिरवाणं आहे. आमच्या घरात तसलं काही नव्हतं. आम्ही सगळे उठत होतो. आई शेवटच्या दिवशीसुद्धा उठली होती.

कोरोना आला त्या वर्षी सगळं घर खोकत होतं आणि सगळ्यांत कमी खोकली ती रुनाच. एक दिवस नाक गळलं, दुसऱ्या दिवशी पोरगी अंगणात चेंडू आपटत होती. मुलांना हलका होतो, असं जो तो म्हणत होता, मीही जिन्यात उभी राहून मोठ्यानं म्हणत होते. मग काही आठवड्यांनी, सगळे विसरून गेल्यावर, ताप आला. पोटात कळा, जीभ लालभडक, डोळे खोल पाण्यातून एकदम वर ओढलेल्या कॉड माशासारखे, आणि हॉस्पिटलात म्हणाले की हृदयाला सूज आहे. एक तरुण डॉक्टरीण होती, केसांचा अंबाडा पेन खोचून बांधलेला. तिनं मला खुर्चीवर बसवून सांगितलं की विषाणू केव्हाच गेलाय, पण अंगातल्या पहारेकऱ्यांना ते कळलेलं नाही. ते हातात सापडेल त्याला बडवत सुटलेत. क्वचित एखाद्या मुलात असं होतं, म्हणाली, त्यातच का होतं ते सांगता येत नाही. मला त्या क्षणी टास आठवला. टास आमचा कुत्रा. मेंढ्यांच्या गोठ्यात मिंक, मुंगसासारखं हिंस्र जनावर, शिरलं होतं, टासनं ते फाडलं, आणि मिंक मरून पडल्यावर थांबलाच नाही. ज्या मेंढ्या त्यानं पिल्लं असताना चाटल्या होत्या त्यांचीच नरडी धरायला लागला, शेपूट हलवत, जणू आमचं काम करतोय. वडील त्याला होडी ठेवायच्या छपरामागे घेऊन गेले. बंदुकीचा एकच आवाज आला आणि आई म्हणाली, बटाटे उकळले का बघ. हे मी डॉक्टरणीला सांगितलं नाही. हा कुत्रा पोरीच्या आत आहे, त्याला छपरामागे कसा नेणार? औषधांनी हृदय जागेवर आलं. घरी आली तेव्हा हालवरनं केकवर झेंडा रोवला होता. हालवर माझा मुलगा, रुनाचा बाप, शाळेत व्यायाम शिकवतो.

त्यानंतर जे आलं ते कुठल्याच कागदावर आलं नाही. आधी तिचं अक्षर घसरलं, ओळी उतारावर बर्फ घसरावा तशा कोपऱ्यात जाऊन साचायला लागल्या. मग शब्द गेले. 'किल्ली' म्हणायचं असायचं आणि ती हवेत हात फिरवत बसायची. चमचा वाडग्याला लागला की कानांवर हात. पुढच्या हिवाळ्यात परत एकदा तसंच हलकं नाक गळलं आणि त्या आधी जे थोडंफार परत आलं होतं तेही गेलं. आणि राग. आमच्या घरात रागाला तोटा नाही, मी रागाला भीत नाही. पण आमचा राग कुठून येतो ते दिसतं. हिचा कुठूनच येत नसे. एका दुपारी तिनं इंगविलच्या, म्हणजे आपल्या आईच्या, हाताचा चावा घेतला, आणि थोड्या वेळानं तोच हात हातात घेऊन, त्यावरचे दात पाहून, घाबरून विचारलं, आई, तुला कोण चावलं? इंगविल गेल्या आठवड्यात फोनवर रडली. ती रडणारी बाई नाही, म्हणून तर मी तिला सून करून घेतलं. मला ती नावानंच हाक मारते; म्हणाली, ओड्नी, ती खरं सांगतेय की नाही, हेच मला आता कळेनासं झालंय, आणि मला स्वतःची लाज वाटते. डोक्याचे फोटो काढले, रक्त काढलं, पाठीतून पाणी काढलं. सगळं चांगलं. काही मुलांना असं होतं, डॉक्टर म्हणाले, अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही, वेळ द्या. शाळेतल्या बाईंना मात्र नीट कळलेलं होतं. त्या म्हणाल्या, तिला घरी बसायची सवय लागली आहे. आणि हालवरनं त्या सगळ्यातून एकच शब्द उचलला, चांगलं, आणि तो सतरा मेच्या, आमच्या राष्ट्रीय सणाच्या, झेंड्यासारखा घेऊन घरभर हिंडतो. सगळं चांगलं आहे, आई. ती बरी आहे. आता फक्त तिला तसं वाटायला पाहिजे.

मला त्याचं वागणं सोसत नाही, पण मला तो कळतो, तीच तर पंचाईत आहे. लहानपणी चर्चच्या मागच्या कबरींवरून जाताना तो शिट्टी वाजवायचा. मी पुढे चालत असायचे आणि शिट्टी जितकी खणखणीत तितकी त्याची चड्डी ओली होण्याच्या बेतात आहे, हे मला मागे न पाहता कळायचं. हल्ली तो जिना चढतानाही शिट्टी वाजवतो. पोरीला पैलवान म्हणतो. टाळ्या वाजवतो. आळशी पोरीला काय करायचं ते त्याला येतं, त्याचं पोटच त्यावर चालतं. आजारी पोरीला काय करायचं ते कुणालाच येत नाही. म्हणून त्याला ती आळशी हवी आहे, आणि रात्रंदिवस तो देवाकडे तेच मागत असणार, माझी पोर आळशी असू दे. गेल्या शरदात तो तिला घरामागच्या डोंगरावर घेऊन गेला, दगडी पायऱ्यांनी, थेट वरपर्यंत. चढली की. गाल लाल, केस उडालेले, मागे सगळं बर्गन आणि खाडी, असा फोटो त्यानं मला पाठवला, आणि मीही म्हटलं, मोकळी हवा ती मोकळी हवा. आम्ही तान्ही मुलंसुद्धा गाडीत घालून हिमात झोपवतो. मोकळ्या हवेनं काही वाईट होऊ शकतं हे आमच्या डोक्यात शिरायला जागाच नाही. दोन दिवसांनी ती पडली. अंधाऱ्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, किती आठवडे. पेला उचलवत नव्हता. इंगविल तिचे दात घासायची, तोंडात बोट घालून, तान्ह्या मुलाचे घासतात तसे. मी जाऊन पलंगाशी बसायचे आणि ती डोळे न उघडता माझा हात चाचपून पाहायची, अंगठ्याजवळचा जुना कापल्याचा व्रण सापडला की मग सोडायची. हालवर म्हणतो तो फ्लू होता. मध्येच कुठूनतरी आलेला फ्लू.

आता ईस्टर आला आहे आणि सगळं शहर डोंगरातल्या आपापल्या कॅबिनकडे, सुट्टीच्या लाकडी घरांकडे, निघालं आहे. इथे पाऊस पडतोय, म्हणजे वर बर्फ आहे. हालवरनं तिच्यासाठी नव्या स्की घेतल्या आहेत. आज रात्री कॅबिनवर मुक्काम, उद्या सकाळी स्कीवर खिंडीपर्यंत, तिथे उन्हात पाठ टेकून संत्री खायची, सात वर्षांची असताना खाल्ली होती तशी. त्यानंतर, तो म्हणाला, बघ आई, गाठ सुटेल. मी होय म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं, आणि माझ्या बाबतीत ते न म्हणणं सगळ्यांना ऐकू जातं. सुटली नाही आणि ती पुन्हा तशी पडली तर? त्या खोलीतून ती मागच्या वेळी जेवढी परत आली, तेवढी तरी येईल का? मी कढई घासत होते, घासून झालेलीच घासत होते, आणि जिन्यात शिट्टी ऐकू आली.

तो आत आला तो संत्र्यांची जाळी घेऊन, कोटावर पाऊस, बुटांना वाळू. रुना उठून बसली. टोपी वर केली. मग उभी राहिली, बैठकीच्या दारात, पाय जुळवून, आणि म्हणाली, "मागच्या भेटीबद्दल आभार, बाबा." हालवर इतका मोठ्यानं हसला की तिनं कानांवर हात नेले. "ऐकलंस, आई? पोरगी थट्टा करायला लागली. मागची भेट म्हणे. अगं, सकाळी मीच तर आणून सोडलं तुला. अख्खा दालचिनीचा पाव खाल्लास गाडीत, सगळी साखर सीटवर." रुना त्याच्या तोंडाकडे पाहत होती. पाहत नव्हती, वाट पाहत होती. शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून सुटला आणि ती म्हणाली, "हो. पाव छान होता."

मी कारखान्याच्या धक्क्यावर सगळं आयुष्य सीगल पाहिले आहेत. माणसानं आतडी भिरकावली की तो पक्षी हवेतच पकडतो, खाली पडू देत नाही, आणि पकडताना त्याचा डोळा कसा होतो ते मला ठाऊक आहे. तसा डोळा होता. फडकं माझ्या हातात तसंच राहिलं. सूप छान होतं. पाव छान होता. नाताळात ती प्रत्येक पाहुण्याला हेच मागच्या भेटीचं वाक्य म्हणाली होती, दारात उभी राहून, एकेकाला, आणि एकेकानं आनंदानं आपली मागची भेट तिच्या ओंजळीत टाकली होती: अगं हो, जेट्टीवर ना, तू लाल छत्री आणली होतीस. सगळे म्हणाले, किती वळण लागलंय पोरीला. शेजारची आजीबाई म्हणाली, हल्लीच्या मुलांत हे राहिलं नाही. मी मान ताठ करून ऐकलं होतं, वळण म्हणजे माझंच की. आणि ती तेव्हा दारात उभी राहून भीक मागत होती.

हालवर म्हणाला, पाच मिनिटांत येतो, गाडीच्या टपावर स्की बांधलेले पट्टे ढिले झालेत, बूट चढव, पैलवान, आणि शिट्टी वाजवत खाली गेला. मी हात पुसले. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडासमोर येईल. म्हटलं, "पाव आठवतो तुला?"

"बाबा म्हणाले ना."

"ते मी ऐकलं. तुला आठवतो का?"

ती बोटांशी खेळत राहिली. तिची बोटं आताशा स्वस्थ नसतात, पाण्यातल्या गवतासारखी हलतात. मग खालच्या आवाजात म्हणाली, कुणाला सांगू नको. म्हणाली, ते वाक्य म्हटलं की माणसं आपणहून सांगतात, मग तिला कळतं की आज आहे की उद्या आहे, आणि भांडण झालंय की नाही झालंय. काही जण नुसतंच 'माझ्याकडूनही' म्हणून गप्प बसतात. तेव्हा ती टेबलाकडे पाहते.

"कधीपासून करतेस हे?"

"ते मला कसं आठवणार, आजी?" म्हणाली, आणि हसली. खरंखुरं हसली, एका बाजूनं, माझ्याच तोंडानं. ते हसू मी आरशात पाहत आले आहे आणि ते कधी इतकं भयंकर दिसलं नव्हतं. मग हसू तसंच तोंडावर विसरून ती म्हणाली की ती डोंगरावर जाणार आहे, कारण ती गेली की बाबा खूश होतात; आणि कागदावर सगळं चांगलं आहे, म्हणजे मग ती खोटं बोलत असणार, फक्त कधी बोलायला लागली ते तिला सापडत नाही. ती शोधते. रोज शोधते. "मी वाईट झाले का, आजी? की मी अशीच होते? तुला माहीत असेल."

खाली गाडीचं दार आपटलं. शिट्टी पहिल्या मजल्यावर आली. माझ्याकडे काय होतं? औषध नाही, शिक्षण नाही, हॉस्पिटलात बसलेल्यांनाही जे ठाऊक नाही ते मला कुठून ठाऊक असणार. एक शब्द होता आणि तो घशात आडवा बसला होता, काट्यासारखा. आई माझ्यामागे उभी होती विळी घेऊन, म्हणत होती वारा फिरलाय, आणि तिच्यामागे आमचं सगळं बेट, कधीही आडवी न पडलेली, उभ्या उभ्या मेलेली माणसं. आणि समजा मी म्हटलं, तर काय होणार? सकाळी विसरलेली असेल. पुन्हा सांगावं लागेल. परवा पुन्हा. माझी उमर झाली आहे, मी किती दिवस सांगणार आहे, आणि मग कोण सांगेल? तो कुत्रा तिच्या आत फिरतोच आहे, शेपूट हलवत, एकेक दिवस नरड्याला धरून बाजूला टाकतोय, आणि मी त्याच्यासमोर एक शब्द धरून उभी राहणार. रुना वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बोटांतून निसटत होती. ती पुन्हा धरत होती. तिनं माझ्याकडे पाहून म्हटलं, जमेल, जमेल, अगदी हालवरच्या आवाजात, आणि मी तिच्या पायातून तो बूट काढून घेतला.

हालवर दारात आला तेव्हा मी बूट मांडीवर घेऊन बसले होते. त्यानं बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याची शिट्टी मध्येच तुटली. तो शहाणा आहे, माझा आहे. म्हणाला, आई, नको. आवाज इतका बारीक की मला कबरस्तानातला पोरगा आठवला. "तू तो शब्द म्हणू नकोस. तू म्हणालीस की ती मानेल. तू म्हणालीस की ती पुन्हा उठायची नाही." आणि त्याचं खोटं आहे असं मला छातीठोक म्हणता येईना. माझ्या शब्दानं या घरात माणसं उठली आहेत आणि बसली आहेत. कदाचित तो बरोबर असेल. कदाचित मी तिला त्या अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हातानं नेऊन निजवत असेन. त्याच्या कोटावरून पाणी माझ्या फरशीवर पडत होतं आणि मी त्याला पुसायलाही सांगितलं नाही. रुना आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती, कोण काय टाकतंय ते झेलायला. एका पायात बूट, एका पायात मी विणलेला मोजा. मी तिची हनुवटी धरली, तिला माझ्याकडे वळवलं, आणि जे आमच्या घरात कुणाच्या तोंडावर आजवर कुणी म्हटलं नाही ते म्हटलं.

"तू आजारी आहेस, रुना. वाईट नाहीस आणि खोटारडीही नाहीस, आजारी आहेस, आणि उद्या तू कुठेही जायची नाहीस. हे तू विसरशील. विसरलीस की याच दारात उभी राहून मागच्या भेटीबद्दल आभार म्हण. मागच्या भेटीत काय ठरलं ते मी सांगेन."